डोंबिवलीच्या आभाळात काय बोललं जातं?

संध्याकाळी सातच्या पुढे डोंबिवलीतल्या, कल्याणमधल्या किंवा ठाण्यातल्या एखाद्या गच्चीवर जा आणि मान वर करा. मुंबईकडे उतरत जाणारी दिव्यांची एक रांग दिसेल. एक विमान, त्याच्यामागे बेताच्या अंतरावर दुसरं, त्याच्यामागे तिसरं. मधूनच एखादं विमान एका बाजूला कलतं, वळतं आणि रांगेत नेमक्या आपल्या जागी येऊन बसतं. कुणी वळवलं त्याला? पावसाळी ढगात तर वैमानिकाला पुढचं विमान दिसतही नसतं. ते वळायच्या काही सेकंद आधी मुंबईत एका खोलीत पडद्यासमोर बसलेल्या माणसाने मोजके शब्द आणि तीन आकडे उच्चारले. वैमानिकाने तेच शब्द आणि तेच आकडे परत म्हणून दाखवले. बस्स, एवढंच. आणि दीडशे-पावणेदोनशे माणसं हवेतल्या हवेत डावीकडे कलली!

हे बोलणं आपल्या डोक्यावर रात्रंदिवस चालू असतं. तुम्ही हे वाचत असतानाही ते तुमच्या घराच्या भिंतींतून आणि तुमच्या अंगातूनसुद्धा जात आहे, कारण ते रेडिओलहरींवर चालतं. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, म्हणजे गाण्यांच्या एफएम स्टेशनांचा पट्टा १०८ला संपतो, त्याच्या जरासं पुढे. इथेच पहिलं नवल आहे. एफएमचा आवाज इतका स्वच्छ असताना विमानं अजून जुन्या, खरखरणाऱ्या एएम पद्धतीनेच का बोलतात?

कारण एफएमवर दोघं एकाच वेळी बोलले, तर ज्याची लहर जोरदार तोच ऐकू येतो आणि दुसरा साफ पुसला जातो. गाण्यांसाठी हे उत्तम. पण धावपट्टीवरून कुणीतरी ‘मी अजून इथेच आहे’ असं ओरडून सांगितलं आणि ते नेमकं पुसलं गेलं तर? एएमवर दोन आवाज एकमेकांवर आदळले की कर्कश शिट्टी उठते. शब्द कळत नाहीत, पण आणखी कुणीतरी बोलत होतं, एवढं तरी कळतं. आपण काहीतरी ऐकायचं राहिलं आहे हे ऐकणाऱ्याला समजावं, एवढ्यासाठी जगभरच्या विमानांनी ही खरखर जपून ठेवली आहे. ही शिट्टी लक्षात ठेवा. पुढे तिची गाठ पडणार आहे.

एका गोष्टीला दहा शब्द असले की भाषा श्रीमंत, असं आपण मानतो. आभाळातल्या भाषेचा मान याच्या अगदी उलट आहे. एका शब्दाला एकच अर्थ, एका अर्थाला एकच शब्द. ती कुठल्या मुलखात उगवलेली नाही. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत झालेल्या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. तिचं मुख्यालय माँट्रियलला. या भाषेचे नियम तिथून ठरतात आणि आजही दुरुस्त होत असतात. पण त्यातले कितीतरी नियम खरं म्हणजे अपघातांनी लिहिले आहेत. म्हणूनच मला ही भाषा इतकी विलक्षण वाटते. तिच्यातला वरवर साधा दिसणारा शब्द उचलून पाहावा, तर खाली कुणाच्या तरी प्राणांची किंमत लिहिलेली सापडते.

आधी हाक मारण्यापासून सुरुवात करू. इंडिगोच्या विमानाला रेडिओवर इंडिगो म्हणत नाहीत, ‘आयफ्लाय’ म्हणतात. ब्रिटिश एअरवेजचं विमान ‘स्पीडबर्ड’. याला म्हणतात कॉल साइन. त्यापुढे उड्डाणाचा क्रमांक येतो, आणि नियमाप्रमाणे त्यातले आकडे सुटे सुटे उच्चारायचे. पाच म्हणायचं तर ‘फाइफ’, नऊ म्हणायचं तर ‘नायनर’, चार म्हणजे ‘फोवर’, तीन म्हणजे ‘ट्री’. हे उच्चार कुणाची जीभ अडखळली म्हणून आलेले नाहीत, ते नियमपुस्तकात तसेच छापलेले आहेत. खरखरीत ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ एकसारखे ऐकू येतात. ‘नाइन’ तर जर्मन माणसाला ‘नाही’ वाटतं. ‘थ्री’मधला ‘थ’ जगातल्या कितीतरी जिभांना जमतच नाही. मग सगळ्यांना जमेल असंच म्हणू या!

अक्षरांचंही तेच. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा ही बाराखडी १ मार्च १९५६पासून लागू आहे. त्यातले शब्द इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना सारखेच ओळखू यावेत असे पारखून घेतले आहेत. ‘आय’ या अक्षरासाठी निवडलेला शब्द कोणता? इंडिया. जगातल्या कुठल्याही वैमानिकाला ‘आय’ सांगायचं असेल, तर त्याला आपल्या देशाचं नाव घ्यावं लागतं.

या बाराखडीत आपल्या शहराचं जुनं नावही टिकून आहे. मुंबई विमानतळाचा चार अक्षरी संकेत आहे व्हिक्टर अल्फा ब्राव्हो ब्राव्हो. व्हिक्टर म्हणजे दक्षिण आशियातला हा आपला भाग, अल्फा म्हणजे पश्चिम भारताकडचा पट्टा, आणि पुढचे दोन ब्राव्हो बॉम्बेचे. शहराचं नाव १९९५ साली बदललं, आभाळात मात्र ते दोन ‘बी’ अजून उडत आहेत.

आकड्यांच्या बाबतीत इतका काटेकोरपणा कशाला, असं कुणाला वाटत असेल तर १९ फेब्रुवारी १९८९ची पहाट पाहावी. फ्लाइंग टायगर कंपनीचं एक मालवाहू बोइंग ७४७ क्वालालंपूरला उतरत होतं. नियंत्रकाने २,४०० फुटांपर्यंत उतरायला सांगितलं, पण आकडे सांगितले ते ‘टू फोर झीरो झीरो’ असे. कॉकपिटमध्ये ‘टू’चा अर्थ लागला ‘पर्यंत’. मग उरलं काय? चारशे! विमान चारशे फुटांकडे निघालं आणि वाटेतल्या टेकडीवर आदळलं. चौघंजण होते, चौघंही गेले. एक ‘टू’ आकडा होता की शब्दयोगी अव्यय, एवढाच काय तो फरक.

आता पडद्याकडे वळू. नियंत्रकाच्या पडद्यावर विमान एक ठिपका असतं. तो ठिपका कुणाचा हे कळण्यासाठी विमानाला चार आकडी संकेत दिला जातो. त्याला स्क्वॉक म्हणतात. पोपट कर्कश ओरडतो तो हा ‘स्क्वॉक’. दुसऱ्या महायुद्धात आपलं विमान कोणतं आणि शत्रूचं कोणतं हे रडारला सांगणाऱ्या यंत्राला ब्रिटिश वैमानिक ‘पोपट’ म्हणत, तिथून तो आला. पोपट जगभर पोचला.

स्क्वॉकमध्ये आठ आणि नऊ हे आकडे कधीच नसतात. प्रत्येक आकडा तीन होय-नाहींनी बनतो, आणि तीन होय-नाहींनी आठच गोष्टी सांगता येतात, शून्य ते सात. आठ गुणिले आठ गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे एकूण ४,०९६ संकेत. त्यातले तीन राखीव. ७५०० म्हणजे विमानाचं अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, ७७०० म्हणजे संकट. वैमानिकाला एक अक्षरही न बोलता केवढं सांगता येतं!

संकेताबरोबर विमान आपली उंचीही रडारला कळवतं. ही सोय नसेल तर काय होतं, ते १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आभाळात दिसलं. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं ७४७ चौदा हजार फुटांवर होतं. समोरून येणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला पंधरा हजारांवर थांबायचं होतं. दोघांत हजार फूट, हिशेब अगदी चोख. पण दिल्लीच्या तेव्हाच्या रडारला ठिपका दिसायचा, उंची नाही. उंची वैमानिक सांगेल तीच. कझाक विमान पंधरा हजारांच्या खाली उतरलं आणि ३४९ माणसं गेली. हवेतल्या हवेत झालेल्या टकरींमध्ये याहून भीषण टक्कर आजवर झालेली नाही. त्यानंतर भारतात येणाऱ्या मोठ्या विमानांना टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा सक्तीची झाली. दोन विमानं धोक्याइतकी जवळ आली की त्यांची यंत्रं एकमेकांशी परस्पर ठरवतात आणि एका कॉकपिटमध्ये ‘क्लाइंब’ असं बजावतात, दुसऱ्यात ‘डिसेंड’. माणसांनी वाद घालायला वेळच उरत नाही.

पण थांबा. चौदा हजार फूट कुठून मोजले? इतक्या वर टेप धरायला कोण जाणार?

उंची मोजतात हवेच्या दाबावरून. वर जावं तशी हवा विरळ, दाब कमी. समुद्रसपाटीजवळ साधारण २८ फूट चढलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणजे विमानातलं उंचीमापक हे मुळात दाबमापक आहे, फक्त फूट दाखवणारं. गंमत अशी की दाब हवामानाप्रमाणेही बदलतो. जुलैत मुंबई-ठाण्यावर मान्सूनचा कमी दाब बसलेला असतो. १०१३ या प्रमाण दाबाच्या जागी १००३च्या आसपास आकडा येतो. दहा हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे २८० फूट. उंचीमापक १०१३वर लावून ठेवलं तर ते भर पावसात खऱ्यापेक्षा २८० फूट जास्त उंची दाखवेल. हे २८० फूट म्हणजे किती? मुंबई विमानतळाचा नियंत्रण मनोरा ८३.८ मीटर उंच आहे, म्हणजे २७५ फूट. अख्ख्या मनोऱ्याएवढी चूक, आणि तीही काहीच न बिघडता!

म्हणून उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला एक आकडा सांगतात. त्याचं नाव क्यूएनएच. ही अक्षरं कशाची आद्याक्षरं आहेत ते शोधत बसू नका, कशाचीच नाहीत. तारयंत्राच्या काळात लांबलचक प्रश्न तीन अक्षरांत पाठवण्यासाठी ‘क्यू’ने सुरू होणारे संकेत ठरवले होते, त्यांतला हा एक. तारा गेल्या, मोर्सची कटकट गेली, क्यूएनएच राहिलं. वैमानिक तो आकडा उंचीमापकावर लावतो, आणि काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवू लागतो.

आणि उंचावर? तिथे जाणूनबुजून सगळे जण १०१३च लावतात, खाली दाब कितीही असो. म्हणजे सगळे चुकीची उंची पाहत उडतात! ऐकून धस्स होतं, पण यातली अक्कल पाहा. नागपूरहून आलेलं, कोचीहून आलेलं, दुबईहून आलेलं विमान आपापल्या गावचा दाब लावून उडालं तर एकाचे पस्तीस हजार दुसऱ्याच्या पस्तीस हजारांशी जुळणार नाहीत. सगळ्यांनी एकच आकडा लावला की सगळ्यांची चूक सारखी, आणि सगळ्यांची चूक सारखी असली की दोघांमधलं अंतर बिनचूक. या उंचीला मग फूट म्हणतच नाहीत, फ्लाइट लेव्हल म्हणतात. ३५,००० फूट म्हणजे फ्लाइट लेव्हल ‘ट्री फाइफ झीरो’. शब्द ऐकताक्षणीच कळतं की ही उंची कुठल्या हिशेबातली आहे.

खाली डोंगर असले की हा हिशेब फार मोलाचा ठरतो. आपल्याकडे ते आहेत, पारसिक, मलंगगड, माथेरान आणि मागे सह्याद्रीची अख्खी भिंत. १२ जुलै १९४९ रोजी, ऐन पावसाळ्यात, केएलएमचं कॉन्स्टेलेशन विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं. ४५ जण गेले, त्यात अमेरिकी पत्रकारांचा मोठा गट होता. ७ जुलै १९६२च्या रात्री बँकॉकहून मुंबईला येणारं अलितालियाचं डीसी-८ जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं आणि ९४ जणांचा जीव गेला. वैमानिकाला वाटत होतं की आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो. तसं वाटलं म्हणून तो लवकर उतरू लागला. प्रत्यक्षात अजून सह्याद्री ओलांडायचा होता.

आज जमिनीवरचा माणूस विमानाला ‘व्हेक्टर’ देतो, म्हणजे अमुक दिशेला नाक कर असं सांगतो. पूर्व शून्य नऊ शून्य, पश्चिम दोन सात शून्य, उत्तर तीन सहा शून्य. प्रत्येक पट्ट्यासाठी एक किमान उंची ठरलेली असते, आणि डोंगराहून पुरेसं वर राहील अशीच उंची तो देऊ शकतो. मलंगगड अंधारात दिसत नाही, पण त्या आकड्यात तो असतो.

कल्याणसारख्या जंक्शनच्या माणसांना पुढची कल्पना समजावून सांगायला नको. पुढच्या ब्लॉकमध्ये गाडी असेपर्यंत मागच्या गाडीला ‘लाइन क्लियर’ मिळत नाही. आभाळात रूळ नाहीत आणि सिग्नलचे खांबही नाहीत, म्हणून प्रत्येक विमानाभोवती त्याच्याबरोबरच धावणारा एक ब्लॉक कल्पिलेला असतो. रडारखाली आडवा साधारण तीन ते पाच सागरी मैल, उभा हजार फूट. हे झालं सेपरेशन. तो सगळ्यांना सारखा नसतो, कारण प्रत्येक विमान पंखांच्या टोकांवरून हवेचे दोन भोवरे मागे सोडत जातं. विमान जितकं जड तितके भोवरे दांडगे, आणि ते दिसत नाहीत. म्हणून जड विमान पहिल्यांदा बोलतानाच आपल्या नावापुढे ‘हेवी’ जोडतं. दुबईहून मुंबईला येणारं एमिरेट्सचं ए-३८० ‘सुपर’ म्हणवतं, आणि त्याच्यामागच्या मध्यम विमानाला सात सागरी मैल, म्हणजे जवळजवळ तेरा किलोमीटर मागे राहावं लागतं. तो एक शब्द ऐकला की नियंत्रक मागची सगळी रांग मनातल्या मनात सरकवतो.

या रांगेचं टोक आहे मुंबईची धावपट्टी ‘टू सेव्हन’. होकायंत्राच्या २७० अंशांतलं शेवटचं शून्य काढलं की २७. विमान वाऱ्याला सामोरं उतरतं, आणि आपल्याकडे वारा बहुतेक समुद्राकडून, म्हणून बहुतेक विमानं पूर्वेकडून उतरतात. सुमारे तीन अंशांच्या उतारावर, दर सागरी मैलाला साधारण तीनशे फूट. या हिशेबाने ठाणे खाडी ओलांडताना विमान पंधराशे ते दोन हजार फुटांवर असतं. तुम्हीच पडताळून पाहा. धावपट्टीच्या टोकापासून खाडी साधारण दहा किलोमीटर, म्हणजे साडेपाच मैल.

धावपट्टीचा नंबर नीट पाहिला नाही तर? २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझला उतरायचं म्हणून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं आणि पुढे निघून गेलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. आता डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. मुंबईची धावपट्टी ०९-२७, नवी मुंबईची ०८-२६. जवळजवळ एकाच दिशेच्या, पण नाव वेगळं. रेडिओवर ‘टू सिक्स’ आणि ‘टू सेव्हन’ यांच्यात गल्लत होऊ नये यासाठी तो आकडा पुन्हा पुन्हा उच्चारला जातो, हे किती बरं आहे!

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासांना ‘हायरो’ म्हणतात, आणि त्या तासांत मुंबईने एकाच धावपट्टीवर ताशी ४६ उड्डाणं आणि अवतरणं पेलली. भागाकार करून पाहा. दर ७८ सेकंदांनी एक! फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने सांगितलं की विमानांना मुंबईवर ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागतात, आणि ४६वरून आकडा ४४ करण्यात आला. दोनच विमानं कमी. पण एवढ्या घट्ट विणलेल्या वेळापत्रकात दोन म्हणजे श्वास घ्यायला जागा.

घिरट्यांना शब्द आहे ‘होल्ड’, आणि त्याची आखणी फार सुंदर आहे. विमान सेकंदाला तीन अंश वळतं. अर्धं वर्तुळ म्हणजे १८० अंश, बरोबर एक मिनिट. मग एक मिनिट सरळ, पुन्हा एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ. चार मिनिटांत एक फेरी. चौदा हजार फुटांपर्यंत जगभर हेच माप. चाळीस मिनिटं म्हणजे दहा फेऱ्या, आणि मंत्रालयाच्याच हिशेबाने तेवढ्यात सतराशे लिटर इंधन.

इंधन संपत आलं तर वैमानिकाने काय म्हणायचं? इथे शब्द किती निर्णायक ठरतो पाहा. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं विमान न्यूयॉर्कला जाताना वाटेत तासाहून जास्त वेळ घिरट्या घालत होतं. वैमानिकांनी ‘प्रायॉरिटी’ मागितली, इंधन संपत आलं आहे असंही सांगितलं. पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, ‘मेडे’ही नाही. जमिनीवरच्या माणसांसाठी इंधन कमी असणारी विमानं त्या रात्री पुष्कळ होती. शेवटी एकेक करत चारही इंजिनं बंद पडली आणि ७३ जण गेले. आज यासाठी दोन पायऱ्या पक्क्या आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता आणखी उशीर केलात तर संकट येईल, पण अजून आलेलं नाही, आणि आम्हाला पुढे काढा अशी ही विनंतीही नाही. ‘मेडे’ तीनदा आणि त्यापुढे ‘फ्युएल’ म्हणजे आलं. मधे काही नाही. आर्जव नाही, भीड नाही.

भिडेचा विषय निघालाच आहे, तर ‘रॉजर’कडे पाहू. सिनेमामुळे आपल्याला वाटतं रॉजर म्हणजे होय. मुळीच नाही. रॉजर म्हणजे तुमचं बोलणं मला पूर्ण ऐकू आलं, एवढंच. ऐकलं आणि तसं करतो म्हणायचं असेल तर ‘विल्को’. होय म्हणायला ‘अफर्म’. ‘अफर्मेटिव्ह’ पूर्ण म्हणायचं नाही, कारण खरखरीत त्याचं शेपूट तेवढं ऐकू आलं तर ते ‘निगेटिव्ह’चंही असू शकतं. आणि माझा सर्वांत आवडता शब्द ‘अनेबल’. मला हे जमणार नाही. वैमानिकाने तो उच्चारला की नियंत्रक दुसरा मार्ग काढतो, आधी कारणांची उलटतपासणी घेत नाही. इतक्या थेट नकाराला इतका मान आपल्या किती कामांच्या ठिकाणी मिळतो?

आता त्या शिट्टीकडे येऊ. २७ मार्च १९७७, कॅनरी बेटांवरचं तेनेरिफ, दाट धुकं. केएलएमचं एक ७४७ धावपट्टीच्या टोकाला उभं. पॅन अॅमचं दुसरं ७४७ त्याच धावपट्टीवर कुठेतरी चालत होतं. मनोऱ्याला दोन्ही दिसत नव्हती. नियंत्रकाने केएलएमला उड्डाणानंतर कुठल्या मार्गाने जायचं ते सांगितलं. त्या सूचनेत ‘टेक-ऑफ’ हा शब्द होता, उड्डाणाची परवानगी मात्र नव्हती. सहवैमानिकाने सूचना परत म्हटली आणि शेवटी जोडलं की आम्ही आता टेक-ऑफला आहोत. म्हणजे तयार आहोत, की निघालो? नियंत्रक म्हणाला, ‘ओके’. मग क्षणभर थांबून त्याने थांबायला सांगितलं, आणि त्याच वेळी पॅन अॅमने आम्ही अजून धावपट्टीवर आहोत असं कळवलं. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये जवळजवळ चार सेकंद उमटली ती शिट्टी. ती वाजली, आपलं काम तिने केलं. पण ‘ओके’ आधीच पोचला होता आणि विमान धावत होतं. ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा अपघात.

त्यानंतर ‘टेक-ऑफ’ या शब्दाभोवती कुंपण घातलं गेलं. तो आता दोनच वेळा उच्चारायचा, उड्डाणाची परवानगी देताना आणि ती मागे घेताना. बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’. म्हणून मुंबईत धावपट्टीवर आणून उभ्या केलेल्या विमानाला सांगतात ‘लाइन अप अँड वेट’. त्या वाक्यात ‘टेक-ऑफ’ नाही आणि ‘क्लियर्ड’ही नाही, कारण ते दोन शब्द कानावर पडले की चाकं फिरू शकतात. आणि वैमानिक ‘विल्को’ म्हणून मोकळा होत नाही. धावपट्टी, उंची, दिशा, क्यूएनएच, परवानगी, हे सगळं त्याने परत म्हणायचं, याला रीडबॅक म्हणतात. नियंत्रकाने ते ऐकायचं, आणि यालाही नाव आहे, हिअरबॅक. चूक पकडायची असेल तर बोलणाऱ्याने स्वतःचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला हवं, हे ही माणसं किती मोठी किंमत मोजून शिकली!

मुंबईच्या नियंत्रकांचं आभाळ किनाऱ्यापाशी संपत नाही. ते अरबी समुद्रावर थेट ओमानच्या हवाई हद्दीपर्यंत पसरलं आहे. भर समुद्रात खुणेला झाड नाही, बेट नाही, म्हणून तिथल्या बिंदूंना पाच अक्षरी, उच्चारता येतील अशी नावं दिली आहेत. सीमेवरच्या दोन बिंदूंची नावं रास्की आणि परार. ही नावं भाषेतून आलीच पाहिजेत असं नाही, जवळपास तसंच दुसरं ऐकू येणार नाही अशी जुळवलेली असतात. त्या टापूत आपला नेहमीचा रेडिओ चालत नाही. लहरी सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे ३५,००० फुटांवरच्या विमानाशीसुद्धा सव्वाचारशे किलोमीटरपलीकडे बोलणं तुटतं. पूर्वी तिथे आयनांबरावरून उसळी घेणाऱ्या लांब पल्ल्याच्या लहरींवर, कान किटवणाऱ्या खरखरीतच सगळं चालायचं. ती यंत्रणा आजही जागी आहे. वैमानिकाने तासन् तास खरखर ऐकत बसू नये म्हणून तिच्यात एक घंटा आहे. प्रत्येक विमानाला चार अक्षरांचा एक संकेत, आणि त्या अक्षरांचे सूर हवेतून आले की तो संकेत असलेल्या विमानातच घंटा वाजते.

पण आता बरंचसं बोलणं उपग्रहामार्फत लिहूनच होतं. नियंत्रक संदेश पाठवतो, कॉकपिटमधल्या पडद्यावर तो उमटतो. इथे उच्चारांची अडचण नाही, ‘फाइव्ह’-‘नाइन’चा घोळ नाही, आवाज एकमेकांवर आदळत नाहीत. मग वैमानिकाला मनाला येईल तसं लिहू द्यायला काय हरकत होती? तरीही उत्तरासाठी त्याच्यापुढे ठरलेले शब्दच ठेवले आहेत. विल्को. अनेबल. स्टँडबाय. रॉजर. अफर्म. निगेटिव्ह. त्यांत ‘ओके’ नाही.